रॅकमध्ये स्विच बसवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची आहेत : कार्यालयात, शाळेत किंवा सोसायटीत नेटवर्क रॅक बसवणे आणि त्यातील स्विचची (केबलींनी आलेली उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीची) सेटिंग्ज करणे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे. जे नवीन रॅक बसवणार आहेत त्यांनी निदान तेवढे अवश्य वाचावे.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा लहान इंजिनिअरिंग कारखाना आहे. आजवर कार्यालयातील संगणक टेबलाखाली ठेवलेल्या दोन साध्या, आठ पोर्टच्या स्विचवर चालत होते. आता आम्ही भिंतीवर लावायचा ९ यू (यू हे रॅकमधील उंचीचे माप) उंचीचा रॅक, २४ पोर्टचे पॅच पॅनल (भिंतीतून आलेल्या केबलींची टोके जिथे एकत्र येतात ती पट्टी) आणि २४ पोर्टचा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग्ज बदलता येणारा, स्विच घेतला आहे. बसवणारे गृहस्थ म्हणतात की दोन तासांचे काम आहे. त्यांच्याकडून नेमके काय आणि कोणत्या क्रमाने करून घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्क्रू आवळण्यापुरते पाहिले तर काम दोन तासांचेच आहे. पण आपण क्रम विचारला आहे, आणि खरी मेख त्या क्रमातच आहे. स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी तो टेबलावर ठेवून पूर्ण तयार करावा आणि एक रात्र चालू ठेवून पाहावा, असा आमचा आग्रह आहे. शिडीवर उभे राहून, एका हातात लॅपटॉप धरून केलेली सेटिंग्ज घाईची होतात. आणि पंखा घरघरतो आहे किंवा एखादे पोर्ट चालत नाही हे चोवीस केबल जोडून झाल्यावर कळले, तर सगळा संसार पुन्हा खाली उतरवावा लागतो.

टेबलावर असताना लॅपटॉप थेट स्विचला जोडावा, कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचे ताजे फर्मवेअर (स्विचच्या आतले सॉफ्टवेअर) चढवावे आणि मूळचा पासवर्ड लगेच बदलावा. स्विचला ओळखता येईल असे नाव द्यावे. ‘स्विच १’ या नावातून दोन वर्षांनी कोणालाच काही कळत नाही, ‘तळमजला-लेखा-१’ मधून कळते. राउटर ज्या टप्प्यातील आयपी पत्ते संगणकांना आपोआप वाटतो, त्या टप्प्याबाहेरचा एक कायमचा पत्ता स्विचसाठी राखून ठेवावा. स्विचशी नेटवर्कवरून बोलण्याच्या पद्धतींपैकी टेलनेट बंद करून एसएसएच आणि एचटीटीपीएस चालू ठेवावे, कारण टेलनेटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा, कोणालाही वाचता येईल अशा रूपात केबलवरून जातो. एसएनएमपी (स्विचवर दुरून देखरेख ठेवण्याची पद्धत) वापरणार नसाल तर तेही बंद करावे. जुन्या पद्धतीच्या एसएनएमपीत ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे तसाच राहतो.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये आपण केलेला बदल ताबडतोब लागू होतो, पण तो चालू स्मृतीत असतो. वेगळी आज्ञा देऊन तो कायमचा जतन केला नाही तर वीज जाताच पुसला जातो. सिस्को या कंपनीच्या भाषेत पहिल्याला रनिंग कॉन्फिग आणि दुसऱ्याला स्टार्टअप कॉन्फिग म्हणतात. मी स्वतः एका कार्यालयात दिवसभर बसून सगळी सेटिंग्ज केली होती, दुसऱ्या दिवशी सर्व सुरळीत चालले, आणि तीन आठवड्यांनी पावसाळ्यातील एका रात्री वीज गेल्यावर स्विच कोरा होऊन उठला. त्या सकाळी कामाला आलेल्या लोकांची जी अडचण झाली ती मला अजून आठवते. म्हणून टेबलावरच स्विच एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करावा, सगळे जागेवर आहे याची खात्री करावी आणि सेटिंग्जची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवावी.

आता रॅककडे वळू. कोणताही प्रमाणित रॅक १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर रुंदीच्या उपकरणांसाठी असतो आणि त्यातील एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची. उभ्या पट्टीवर प्रत्येक यूमध्ये तीन चौकोनी भोके असतात, पण ती समान अंतरावर नसतात : दोन अंतरे १५.८८ मिलिमीटरची आणि तिसरे १२.७ मिलिमीटरचे. जिथे अंतर कमी दिसते तिथे एक यू संपून दुसरा सुरू होतो. ही खूण लक्षात न घेता केज नट (चौकोनी भोकात अडकवायचे नट) बसवले की स्विच दोन यूंच्या मध्ये अडकतो आणि त्याच्या वर-खाली कायमची निरुपयोगी फट राहते. एक यू उंचीच्या स्विचच्या कानपट्टीला, म्हणजे रॅकला जोडायच्या बाजूच्या पट्टीला, बहुधा दोन भोके असतात. ती यूच्या वरच्या आणि खालच्या भोकांवर येतात आणि मधले भोक रिकामे राहते. केज नट आतल्या बाजूने, त्यासाठीच्या हुकसारख्या आकड्याने बसवावेत. पेचकसाने दाबून बसवताना तो निसटला की हात कापतो, हे बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही आकडा सोबत नसतो.

भिंत कोणती आहे ते आधी पाहावे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्ट चांगला धरतो. जिप्समच्या पार्टिशनवर भरलेला रॅक कधीही टांगू नये, आणि नव्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्या ब्लॉकसाठीचेच वेगळे फास्टनर लागतात. रॅकची खोली आणि स्विचची खोली मोजून ताडून पाहावी. स्विचच्या मागे वीजकेबलीसाठी आणि हवेसाठी सुमारे १०० मिलिमीटर मोकळे हवेत. पॅच पॅनल वर, त्याखाली केबल मॅनेजर आणि त्याखाली स्विच अशी मांडणी ठेवल्यास पॅच कॉर्ड अर्ध्या मीटरच्या पुरतात. बॅटरीचा यूपीएस भिंतीवरच्या रॅकमध्ये ठेवू नये, तो जमिनीवर असावा.

उष्णतेचा विचार करताना स्विचची हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते पाहावे. लहान स्विचमध्ये ती बऱ्याचदा एका कुशीतून दुसऱ्या कुशीकडे जाते, त्यामुळे बाजूला केबलींचे गुंडाळे कोंबले तर पंखा फिरूनही उपयोग होत नाही. बहुतेक कार्यालयीन स्विच ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. पण तो आकडा रॅकच्या आतील हवेचा आहे, खोलीतील नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील काचेच्या दाराच्या रॅकमध्ये ती मर्यादा गाठली जाणे अवघड नाही.

शेवटी अर्थिंग. स्विचच्या मागे अर्थिंगचा स्क्रू असेल तर हिरव्या-पिवळ्या वायरने तो रॅकच्या अर्थ पट्टीला आणि ती पट्टी इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असावी. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल, तर स्विच जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आपल्याकडे यंत्रांच्या मोटारी त्याच जोडणीवर असतील, तर रॅकसाठी स्वतंत्र सर्किट काढून घेणे केव्हाही चांगले.

प्रश्न : नवीन स्विचच्या माहितीपत्रकात १९२.१६८.०.१ हा पत्ता दिला आहे. ब्राउझरमध्ये तो टाकला की आमच्या राउटरचे पान उघडते, स्विचचे उघडत नाही. स्विच सदोष आहे का?
— एक लेखापाल, सीबीडी बेलापूर

उत्तर : स्विच बहुधा उत्तम आहे. आपला राउटर आणि स्विच हे दोघेही कारखान्यातून एकच पत्ता घेऊन आले आहेत, आणि हाकेला राउटर आधी ओ देतो. स्विचच्या इतर सर्व केबल काढाव्यात, फक्त लॅपटॉप जोडावा, लॅपटॉपचे वायफाय बंद करावे आणि त्याला हाताने १९२.१६८.०.५० असा पत्ता व २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. आता पान उघडेल. स्विचचा पत्ता बदलून, जतन करून मगच तो नेटवर्कला जोडावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत १५ स्थिर आणि ३ फिरते कॅमेरे आहेत. ते सर्व २४ पोर्टच्या पीओई (डेटाच्या केबलवरूनच वीजही देणाऱ्या) स्विचवर चालतात. पेटीवर ‘प्रत्येक पोर्टला ३० वॅट’ असे छापले आहे. दिवसा सगळे नीट चालते, पण संध्याकाळी सातनंतर दोन-तीन कॅमेरे बंद पडतात आणि सकाळी आपोआप सुरू होतात. कंत्राटदाराने कॅमेरे बदलून पाहिले, फरक नाही.
— सोसायटीचे सचिव, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : ‘संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू’ या आपल्या एका वाक्यात निदान आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची मागणी वाढते. पेटीवरचा ३० वॅटचा आकडा एका पोर्टची कमाल मर्यादा सांगतो. सगळी पोर्टे मिळून किती देता येईल तो आकडा वेगळा असतो. त्याला पीओई बजेट म्हणतात. चोवीस पोर्टांना प्रत्येकी ३० वॅट म्हणजे ७२० वॅट होतील, आणि तेवढी ताकद आपल्या किमतीच्या स्विचमध्ये नसते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात स्विचचे एकूण बजेट १९० वॅट दिसते.

हिशेब मांडून पाहू. आपल्या माहितीपत्रकानुसार स्थिर कॅमेरा दिवसा सुमारे ५ आणि रात्री ९.५ वॅट घेतो, फिरता कॅमेरा दिवसा १२ आणि रात्री २२. दिवसाची बेरीज ७५ अधिक ३६, म्हणजे १११ वॅट. रात्रीची १४२.५ अधिक ६६, म्हणजे २०८.५ वॅट. बजेट ओलांडले की स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टांची वीज तोडतो, आणि प्राधान्य कोणी ठरवले नसेल तर बहुधा शेवटच्या क्रमांकाची पोर्टे बळी पडतात. बंद पडणारे कॅमेरे मोठ्या क्रमांकांच्या पोर्टांवर आहेत का, ते पाहावे.

तीन फिरत्या कॅमेऱ्यांना वेगळे पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारी छोटी उपकरणे) दिले तर स्विचवरचा भार १४२.५ वॅटवर येतो आणि कमी खर्चात काम भागते. तोपर्यंत प्रवेशद्वार आणि लिफ्टजवळच्या कॅमेऱ्यांचे प्राधान्य सेटिंगमध्ये वाढवून ठेवावे. कॅमेरे पुढे वाढणार असतील तर मात्र मोठ्या बजेटचा स्विच घेणेच योग्य. खरेदी करताना मानकाचे नाव तपासावे : २००३ चे ८०२.३एएफ पोर्टवर १५.४ वॅट देते आणि त्यातील १२.९५ वॅट उपकरणापर्यंत पोहोचतील असे धरते. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. मधला फरक केबलमध्ये उष्णता होऊन जातो.

केबलचाही एक शब्द. स्वस्त मिळते म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल, जिला बाजारात सीसीए म्हणतात, ती पीओईसाठी वापरू नये. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज उतरते. तांब्याच्या केबलीलाही १०० मीटरची मर्यादा आहे, आणि दोन इमारतींच्या मध्ये तर फायबरच टाकावी. ती वीज वाहत नाही, म्हणून वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा झटका तिच्यावाटे रॅकपर्यंत पोहोचत नाही.

यूपीएसचा हिशेबही याच बेरजेवर करावा लागतो. स्विचचा स्वतःचा खर्च धरून रात्री ३०० वॅटच्या आसपास भार असेल, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर जेमतेम १७ मिनिटे पुरते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. वीज गेल्यावर कॅमेरे तासभर चालावेत अशी सभासदांची अपेक्षा असेल, तर त्या अपेक्षेएवढ्या बॅटऱ्या घ्याव्या लागतील हे सभेत आधीच सांगावे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात महिन्यातून दोन-तीनदा संपूर्ण शाळेचे नेटवर्क ठप्प होते. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकतात. स्विच बंद करून चालू केला तरी मिनिटभरात पुन्हा तेच होते.
— एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : आपण केलेले वर्णन नेटवर्कमध्ये वळसा पडल्याचे आहे. कोणीतरी सैल पडलेल्या केबलचे दुसरे टोक सद्हेतूने भिंतीतील सॉकेटमध्ये खोचते, आणि ती केबल त्याच स्विचकडे परत येते. इंटरनेटच्या आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक टप्प्यावर कमी होणारा एक आकडा असतो आणि तो शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. स्विच ज्या इथरनेट फ्रेममधून, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यातून, काम करतो त्यात असा आकडाच नाही. त्यामुळे सर्वांसाठी काढलेली एक हाक वळशात अडकली की ती अखंड फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात आणि क्षणार्धात सगळी वाट भरून जाते.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. स्पॅनिंग ट्री या त्यांच्या पद्धतीत स्विच एकमेकांशी बोलून एका स्विचला मूळ मानतात आणि वळसा निर्माण करणारी वाट स्वतःहून बंद ठेवतात. आपल्या मॅनेज्ड स्विचमध्ये तिची २००१ मध्ये आलेली जलद आवृत्ती, रॅपिड स्पॅनिंग ट्री, असेल. ती चालू आहे का ते पाहावे, कारण काही स्विचमध्ये ती मुळात बंद असते.

एवढ्यावर मात्र थांबू नये. मूळ स्विच निवडताना प्राधान्याचा सर्वांत लहान आकडा जिंकतो. सर्व स्विचवर तो मुळात ३२७६८ असतो, आणि बरोबरी झाली की लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यातच दिलेल्या ओळख-क्रमांकाचा) स्विच निवडला जातो. हा मान पुष्कळदा कोपऱ्यातील सर्वांत जुन्या स्विचकडे जातो आणि शाळेची सगळी वाहतूक त्याच्यामार्गे लांबून जाऊ लागते. म्हणून मुख्य रॅकमधील स्विचला ४०९६ हा आकडा स्वतः द्यावा. विद्यार्थ्यांच्या संगणकांची पोर्टे ‘एज’, म्हणजे टोकाची, म्हणून नोंदवावीत आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्ट बंद करणारी सोय) लावावा. मग त्या पोर्टांवर कोणी दुसरा मॅनेज्ड स्विच जोडला किंवा केबल उलटी आणून लावली, तर फक्त तेवढे पोर्ट बंद पडेल आणि बाकीचे वर्ग चालू राहतील. टेबलावरचे साधे स्विच या पद्धतीत भाग घेत नाहीत. त्यांच्यासाठी मुख्य स्विचवरील लूप डिटेक्शनही (वळसा ओळखण्याची सोय) चालू करावे. आणि सैल केबल कक्षात ठेवूच नयेत. मुलांना रागावण्याचे कारण नाही, दोष त्यांचा नाही.

प्रश्न : महापे येथील आमच्या कार्यालयात लेखा विभाग, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच स्विचवर आहेत. ते व्हीलॅनने (एकाच स्विचमध्ये पाडलेल्या आभासी विभागांनी) वेगळे करण्याचा प्रयत्न केला, तर मीच स्विचच्या बाहेर पडलो आणि शेवटी रीसेट करावा लागला. काय चुकले?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपण ज्या पोर्टवरून स्विचशी बोलत होता, तेच पोर्ट बहुधा दुसऱ्या व्हीलॅनमध्ये टाकले गेले. बसलेली फांदी तोडण्याचा हा प्रकार टाळण्यासाठी दोन गोष्टी पाळाव्यात. कन्सोल केबल (लॅपटॉपला स्विचच्या वेगळ्या कन्सोल पोर्टशी थेट जोडणारी) जोडून ठेवावी; तिच्यावरचे बोलणे व्हीलॅनवर अवलंबून नसते. सिस्कोच्या बहुतेक स्विचवर तिचा वेग ९६०० बिट प्रति सेकंद असतो, इतर काही कंपन्यांच्या स्विचवर ११५२००. दुसरे म्हणजे, व्यवस्थापनाचे व्हीलॅन सर्वांत शेवटी बदलावे, आणि नवीन वाटेने प्रवेश मिळतो आहे हे पाहिल्यानंतरच जुनी वाट बंद करावी.

व्हीलॅनला १ ते ४०९४ पर्यंतचा कोणताही क्रमांक देता येतो. लेखा १०, कॅमेरे २०, पाहुणे ३० असे सुटसुटीत क्रमांक घ्यावेत. संगणक आणि कॅमेऱ्यांची पोर्टे एकेकाच व्हीलॅनची, म्हणजे टॅग (व्हीलॅनचा क्रमांक सांगणारी खूण) नसलेली असतात. राउटरकडे आणि वायफायच्या ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टांवर मात्र लागणारी सर्व व्हीलॅने टॅगसह न्यावी लागतात. ‘वायफाय दिसते पण इंटरनेट येत नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी राउटरकडच्या पोर्टवर एखादे व्हीलॅन टॅग करायचे राहिल्याने येते. विभाग वेगळे झाले तरी त्यांच्यातील ये-जा राउटर किंवा फायरवॉल ठरवतो. तिथे नियम घातले नाहीत, तर पाहुण्याचा फोन लेखा विभागाच्या संगणकापर्यंत पोहोचू शकतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आपली कंपनी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत, आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, अचूक वेळ पुरवणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवून ठेवायची आहेत. स्विचची स्वतःची स्मृती लहान असते आणि वीज गेली की तिच्यातील नोंदी बहुधा पुसल्या जातात. म्हणून लॉग दुसऱ्या संगणकावरील सिसलॉग सर्व्हरकडे पाठवण्याची सोय व्हीलॅन लावतानाच करून घ्यावी.

प्रश्न : आमचे गोदाम तुर्भ्याला आहे. दर पावसाळ्यात रॅकमधील पॅच कॉर्डच्या पिनांवर हिरवट थर येतो आणि जोडणी तुटक होते.
— एक वाचक, तुर्भे

उत्तर : खाडीकडची दमट हवा आणि औद्योगिक वसाहतीतील वायू यांच्यापुढे पातळ मुलाम्याचे स्वस्त कनेक्टर टिकत नाहीत. पिनांवर ५० मायक्रो-इंच सोन्याचा मुलामा असलेल्या, कारखान्यात बनलेल्या पॅच कॉर्ड घ्याव्यात. बाजारात हाच आकडा ‘५० मायक्रॉन’ म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो सुमारे १.२७ मायक्रॉन असतो. रिकाम्या पोर्टांना झाकणे लावावीत. वातानुकूलन बंद केल्याबरोबर खिडकी उघडू नये, कारण बाहेरची ओलसर हवा थंड पत्र्यावर आणि पिनांवर दव धरते. रॅक एसीच्या खाली असेल तर तो हलवावा. बाहेरून येणाऱ्या केबल रॅकच्या वरच्या भोकातून न आणता खालून आणाव्यात, आणि आत शिरण्याआधी त्यांना वीतभर खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळत आलेले पाणी झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर टपकेल आणि स्विचपर्यंत जाणार नाही.